विश्लेषण : क्रेन दहा टनांची, ओझे पाच टनांचे, तरी अपघात का होतो?

शहापूर तालुक्यातील सरळांबे येथे १ ऑगस्ट २०२३ च्या पहाटेपूर्वी समृद्धी महामार्गाच्या पुलाचे काम सुरू होते. तिथे गर्डर बसवणारे अजस्र यंत्र कोसळले आणि २० जणांचा मृत्यू झाला. त्याआधी बरोबर तीन वर्षांपूर्वी, १ ऑगस्ट २०२० रोजी, विशाखापट्टणमच्या हिंदुस्तान शिपयार्डमध्ये ७० टन क्षमतेची क्रेन चाचणी सुरू असताना कोसळली. त्यात ११ जणांचा जीव गेला. अशा दुर्घटनांची देशभर बातमी होते. मात्र औद्योगिक वसाहतीतल्या एखाद्या शेडमध्ये पट्टा तुटून डाय खाली आली, हायड्रापुढे चालणारा मदतनीस चिरडला गेला, तर ती बातमी आतल्या पानावरच राहते. जड वस्तू उचलण्याची साधने नेमकी कुठे दगा देतात, ती निवडावी कशी आणि कायदा काय सांगतो, याचा हा आढावा.

पाटीवरचा आकडा म्हणजे क्षमता नव्हे?

क्रेनच्या तुळईवर ठळक अक्षरांत ‘१० टन’ लिहिलेले असते. हा आकडा फक्त क्रेनचा असतो. ओझे आणि क्रेन यांच्यामध्ये हुक, डी-शॅकल, पट्टा किंवा वायर रोप आणि ओझ्यावरचा आय बोल्ट असतो. या साखळीतला सर्वांत कमजोर दुवा जेवढा भार पेलतो, तेवढीच त्या उचलीची क्षमता असते. १० टनांच्या क्रेनला तीन टनांचा पट्टा लावला की ती उचल १० टनांची राहत नाही.

दुवे जोडण्याची पद्धत चुकली तर त्यांची क्षमताही घटते. शॅकल सरळ ओढली जाते तेव्हाच तिच्यावर कोरलेला आकडा खरा असतो. आडव्या दिशेने ओढली तर ती निम्म्यावर येते. पट्टा ओझ्याभोवती गळफासासारखा आवळला, तर सरळ उचलीच्या साधारण ८० टक्केच भार धरावा लागतो. आय बोल्टचे तर फारच कठीण. खांदा असलेला आय बोल्ट ४५ अंशांत तिरका ओढला की त्याची क्षमता सुमारे एक तृतीयांशापर्यंत खाली येते. बिनखांद्याचा आय बोल्ट तिरका ओढूच नये, असा नियम आहे.

पट्ट्याच्या कोनाला इतके महत्त्व का?

दोन पट्ट्यांनी पाच टनांची डाय उचलायची आहे असे समजू. दोन्ही पट्टे तीन-तीन टनांचे आहेत. तीन अधिक तीन सहा, म्हणजे पाच टन सहज निघतील, असा हिशेब बहुतेक ठिकाणी केला जातो. पट्टे अगदी सरळ उभे असतील तरच तो बरोबर आहे.

पट्टे तिरके झाले की त्यांना ओझे वर धरण्याबरोबरच एकमेकांना आत ओढणारा ताणही सोसावा लागतो. पट्टा आडव्या रेषेशी ६० अंशांचा कोन करत असेल, तर प्रत्येक पट्ट्यावर सुमारे २.९ टन ताण येतो, म्हणजे काम जेमतेम मर्यादेत बसते. कोन ४५ अंशांवर आला की ताण साडेतीन टनांवर जातो. ३० अंशांवर प्रत्येक पट्ट्यावर पूर्ण पाच टन येतात. ओझे तेच, पट्टे तेच, क्रेनही तीच. फक्त आखूड पट्टे लावल्याने हा फरक पडला.

कोन मोजायला उपकरण लागत नाही. ओझ्यावर पट्टे जिथे अडकवले आहेत त्या दोन जागांमधले अंतर एका पट्ट्याच्या लांबीइतके असेल, तर समभुज त्रिकोण होतो आणि कोन ६० अंशांचा असतो. अंतर पट्ट्याच्या लांबीपेक्षा जास्त दिसले की लांब पट्टे घ्यावेत किंवा मध्ये स्प्रेडर बीम लावावा. चार पायांच्या स्लिंगबाबतही एक गैरसमज आहे. ओझे कडक असेल तर चारही पाय सारखा भार घेत नाहीत. अशा वेळी दोनच पायांवर सारा भार आहे असे धरून निवड करणे सुरक्षित ठरते.

मग पट्टा त्याच दिवशी का तुटत नाही?

खरा धोका या प्रश्नाच्या उत्तरात आहे. उचलण्याची साधने बनवताना त्यांत राखीव ताकद ठेवलेली असते. नव्या कापडी पट्ट्याची तुटण्याची ताकद त्याच्या लिखित क्षमतेच्या साधारण सातपट असते, वायर रोप स्लिंगची पाचपट आणि मिश्रधातूच्या साखळीची चौपट. त्यामुळे तीन टनांच्या पट्ट्यावर पाच टन आले तरी तो त्या दिवशी तुटत नाही. ओझे सुखरूप खाली उतरते आणि ‘काल याच पट्ट्याने उचलले होते’ हा पुरावा तयार होतो.

ही राखीव ताकद जास्त भार उचलण्यासाठी ठेवलेली नसते. झटका, झीज, हवामान आणि न दिसणारे दोष यांच्यासाठी ती असते. डायच्या धारदार कडेवर पट्टा थोडा कापला जातो, उन्हात पडून त्याचे धागे कमजोर होतात, त्याला गाठ मारली जाते, ओझे अचानक सोडून पुन्हा थांबवले जाते. यातली प्रत्येक गोष्ट त्या सातपटीतून थोडे थोडे खात जाते. शेवटी एखाद्या दिवशी नेहमीच्याच ओझ्याला पट्टा तुटतो. ‘रोज याच पद्धतीने करत होतो’ असे अपघातानंतर सांगितले जाते, तेव्हा ते अनेकदा खरे असते. रोजच्या त्या पद्धतीनेच राखीव ताकद संपवलेली असते.

कापडी, तारेचे की साखळीचे. स्लिंग कोणते घ्यावे?

ओझे कसे आहे, यावर ते ठरते. रंगवलेले किंवा मशिनिंग झालेले भाग उचलायला कापडी पट्टा चांगला, कारण तो ओरखडे पाडत नाही. मात्र धारदार कडेशी त्याचे जमत नाही. कडेवर रबराचा किंवा धातूचा कोपरा लावावाच लागतो. पॉलिस्टरच्या पट्ट्याची मर्यादा साधारण १०० अंश सेल्सिअस आहे, त्यामुळे भट्टीतून निघालेल्या कामासाठी तो चालत नाही. रासायनिक कारखान्यात आणखी एक फरक लक्षात ठेवावा लागतो. पॉलिस्टर आम्लाला टिकते, पण अल्कलीने खराब होते. नायलॉनचे नेमके उलट आहे.

पट्ट्यांचे रंग शोभेसाठी नसतात. प्रचलित युरोपीय मानकानुसार जांभळा एक टन, हिरवा दोन, पिवळा तीन, करडा चार, लाल पाच, तपकिरी सहा, निळा आठ आणि नारिंगी १० टन किंवा त्याहून अधिक. पट्ट्यावर शिवलेल्या चिठ्ठीचा रंग मात्र धागा कोणता ते सांगतो. निळी चिठ्ठी पॉलिस्टरची, हिरवी नायलॉनची. चिठ्ठी निघाली असेल, तर पट्टा नवा दिसला तरी बाद करावा. त्याची क्षमता सांगणारा दुसरा पुरावा उरत नाही.

वायर रोप खरबरीत कामाला टिकते. आत तागाचा गाभा असेल तर तीही १०० अंशांपलीकडे वापरू नये. उष्णतेच्या ठिकाणी मिश्रधातूची ग्रेड ८० साखळी उपयोगी पडते. २०० अंशांपर्यंत तिची क्षमता पूर्ण राहते, त्यापुढे ३०० अंशांपर्यंत १० टक्क्यांनी आणि ४०० अंशांपर्यंत २५ टक्क्यांनी कमी धरावी लागते. साखळीला नट-बोल्ट लावून ती जोडणे किंवा वायर रोपला क्लॅम्प आवळून जागेवरच स्लिंग तयार करणे, हे दोन्ही ‘जुगाड’ उचलीच्या कामात वर्ज्य आहेत.

यंत्राची निवड कशी करावी?

पहिला प्रश्न ‘किती टन?’ असा असतो. दुसरा प्रश्न मात्र अनेकदा विचारलाच जात नाही, तो म्हणजे ‘किती वेळा?’ शेडच्या छताखाली रुळांवर फिरणाऱ्या ईओटी क्रेनच्या यंत्रणांचे एम-१ ते एम-८ असे वर्ग असतात. वर्षातून चार-सहा वेळा पंप उचलणारी क्रेन आणि पोलाद कारखान्यात वितळलेल्या धातूचे पात्र दिवसरात्र वाहणारी क्रेन, या दोन्ही एकाच टनांच्या असल्या तरी एका वर्गाच्या नसतात. देखभालीसाठी घेतलेली हलक्या वर्गाची क्रेन उत्पादन वाढल्यावर तीन पाळ्यांत चालवली, तर ब्रेक, गिअर आणि दोर अपेक्षेपेक्षा खूप आधी संपतात. सेकंडहँड क्रेन घेताना तर हा वर्ग आणि आधीचा वापर विचारायलाच हवा.

ईओटी क्रेन सरळ वर उचलण्यासाठी असते. तिने ओझे जमिनीवरून तिरके ओढले की दोर ड्रमच्या खाचेतून निसटतो आणि ओझे सुटताच झोका घेते. फोर्कलिफ्टचेही गणित वेगळे आहे. तीन टनांची फोर्कलिफ्ट तीन टन उचलते, ते ओझ्याचा गुरुत्वमध्य फोर्कच्या मुळापासून ठरावीक अंतरावर असेल तेव्हाच. हे अंतर सहसा ५०० मिलिमीटर असते. लांबलचक पेटी उचलली तर क्षमता घटते. फिरत्या क्रेनमध्ये हाच नियम अधिक तीव्रतेने लागू होतो. तिच्या नावातला टनांचा आकडा बूम आखूड आणि ओझे अगदी जवळ असतानाचा असतो. बूम लांब केला, ओझे दूर गेले की क्षमता झपाट्याने उतरते. म्हणून ऑपरेटरच्या केबिनमधला लोड चार्ट पाहिल्याशिवाय उचल ठरवता येत नाही.

हायड्राबद्दल इतकी चिंता का?

ओझे उचलून चालणाऱ्या छोट्या क्रेनला आपल्याकडे सरसकट ‘हायड्रा’ म्हणतात. ती पाळीच्या दराने भाड्याने मिळते, अरुंद जागेत जाते आणि ट्रकमधून यंत्र उतरवण्यापासून पाइप हलवण्यापर्यंत सर्व कामे करते. म्हणूनच ती सर्वत्र दिसते.

तिच्या रचनेतच दोन धोके आहेत. बूम आणि समोर लटकणारे ओझे यांमुळे चालकाला पुढचा बराच भाग दिसत नाही. शिवाय अनेक मॉडेलमध्ये गाडी मधोमध वाकून वळते. वळताना तिचा तोल बदलतो आणि क्षमता कमी होते. उतारावर किंवा खड्ड्यात ओझे झोका घेते, तेव्हा ही घट जीवघेणी ठरू शकते. त्यातच ओझे झुलू नये म्हणून एखादा मदतनीस ते हाताने धरून पुढे चालतो, म्हणजे चालकाला न दिसणाऱ्या जागेतच तो असतो. त्याच्या हातात ओझ्याला बांधलेला लांब दोर द्यावा, त्याला बाजूला आणि चालकाच्या नजरेत ठेवावे, ओझे जमिनीलगत न्यावे आणि रस्ता आधीच मोकळा करावा. लांब अंतरासाठी ओझे ट्रेलरवर टाकून नेणेच बरे.

वजनाचा अंदाज कुठे चुकतो?

‘दीड टन असेल’ हा आवाजी अंदाज अनेक अपघातांचे मूळ असतो. पोलादाचे गणित सोपे आहे. एक चौरस मीटर पत्र्याचे वजन प्रत्येक मिलिमीटर जाडीमागे ७.८५ किलो भरते. सहा मीटर लांब, दीड मीटर रुंद आणि २० मिलिमीटर जाड प्लेटचे वजन म्हणजे सुमारे १,४१३ किलो. यंत्राच्या नामपट्टीवर किंवा चलनावर वजन असतेच. पण टाकीत उरलेला गाळ, पाइपमधले पाणी, तळाला जोडलेली बेसप्लेट, स्प्रेडर बीम आणि हुक ब्लॉक यांचे वजन त्यात मिळवलेले नसते.

जमिनीला चिकटलेले किंवा बोल्ट न काढलेले यंत्र उचलताना तर क्रेनवर त्याच्या वजनाच्या कितीतरी पट जोर येऊ शकतो. ओझे हलत नसेल तर आणखी रेटायचे नसते. ते का अडले आहे, हे खाली उतरून पाहायचे असते.

जमीन आणि वारा यांचा हिशेब कोण ठेवतो?

फिरत्या क्रेनचा बूम एखाद्या आउटरिगरच्या दिशेला फिरला की क्रेन आणि ओझे यांच्या वजनाचा मोठा भाग त्या एकाच पायावर येतो. पाय छोटा असतो. पावसाळ्यात भिजलेली काळी माती, नुकतीच बुजवलेली चरी किंवा जमिनीखालचा गटाराचा चेंबर अशा वेळी अचानक खचतो. पायाखाली जाड, रुंद लाकडी किंवा पोलादी तळ हवा. दोन विटा किंवा मोडकी फळी तिथे पुरत नाही.

वाऱ्याचे सर्वांत परिचित उदाहरण अमेरिकेतले आहे. १४ जुलै १९९९ रोजी मिलवॉकी शहरात स्टेडियमच्या छताचा सुमारे ४५० टनांचा भाग उचलताना ‘बिग ब्लू’ नावाची प्रचंड क्रेन कोसळली आणि तीन कामगार ठार झाले. छताच्या त्या विस्तीर्ण भागावर वाऱ्याचा आडवा जोर किती पडेल, हे पुरेसे हिशेबात घेतले नव्हते. एवढ्या मोठ्या उचलीत जे घडले ते पत्र्याच्या बंडलालाही लागू आहे. रुंद आणि हलके ओझे वाऱ्यात शिडासारखे वागते.

कायदा काय सांगतो?

कारखाने अधिनियम, १९४८ च्या कलम २९ मध्ये क्रेन, कप्पी, साखळी, दोर, हुक, शॅकल या सर्वांचा समावेश आहे. त्यांची बांधणी भक्कम व निर्दोष असावी, सक्षम व्यक्तीकडून किमान १२ महिन्यांतून एकदा सखोल तपासणी व्हावी आणि तिची नोंद ठेवावी, असे ते कलम सांगते. सुरक्षित भारमर्यादा आणि ओळखखूण साधनावर स्पष्ट हवी. चाचणीचा अपवाद वगळता त्या मर्यादेपेक्षा जास्त भार टाकता येत नाही. क्रेनच्या रुळांजवळ धडक बसू शकेल अशा जागी माणूस काम करत असेल, तर क्रेन त्याच्या सहा मीटरच्या आत येऊ नये, अशीही तरतूद आहे. होइस्ट आणि लिफ्टसाठी कलम २८ नुसार तपासणी दर सहा महिन्यांनी करावी लागते. महाराष्ट्रात याची अंमलबजावणी औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे आहे.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्राने व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहिता, २०२० लागू केली. जुना कारखाने कायदा या संहितेत सामावला गेला आहे. संक्रमणाच्या काळात जुन्या तरतुदी व नियम आवश्यकतेनुसार लागू राहतील, असे केंद्राने स्पष्ट केले. म्हणजे ‘जुना कायदा गेला, आता तपासणी नको’ असा अर्थ कुणी काढू नये.

एक तुलना मात्र विचार करायला लावते. ब्रिटनमध्ये १९९८ च्या नियमांनुसार क्रेनची तपासणी सर्वसाधारणपणे १२ महिन्यांनी, तर पट्टे-शॅकल यांसारख्या जोडसाधनांची आणि माणसे उचलणाऱ्या साधनांची दर सहा महिन्यांनी होते. जे लवकर झिजते, ते लवकर तपासले जाते. आपल्याकडील १२ महिने ही किमान अट आहे. पट्ट्यांसाठी तिच्या पुढे जायला कारखान्याला कुणी अडवलेले नाही.

प्रमाणपत्र असूनही रोज काय पाहावे?

तपासणीचे प्रमाणपत्र त्या दिवसापुरते बोलते. मार्चमध्ये तपासलेला पट्टा एप्रिलमध्ये कापला गेला, तर फाइलमधला कागद त्याला वाचवू शकत नाही. त्यामुळे पाळीच्या सुरुवातीला काही मिनिटांची पाहणी अटळ आहे.

- पट्टा : चिरा, वितळलेले डाग, उसवलेली शिवण, गाठ, गहाळ चिठ्ठी. यातले काहीही दिसले तर बाद.
- वायर रोप स्लिंग : एक लड दोराभोवती पूर्ण वळसा घेते तेवढ्या लांबीत १० तारा तुटलेल्या, किंवा एकाच लडीत पाच तुटलेल्या, तर बाद. चेपलेला, गंजलेला, पिळा उलगडलेला दोरही बाद.
- हुक : तोंड फाकलेले, पिळलेले किंवा तडा गेलेला हुक नको. सेफ्टी लॅच जागेवर आणि चालू हवी.
- क्रेन : ओझ्याविना हुक सावकाश वर नेऊन लिमिट स्विच पाहावा. पहिली जड उचल जमिनीपासून १०-१५ सेंटिमीटरवर थांबवून ब्रेक धरतो का, ते तपासावे.

बाद केलेले साधन कोपऱ्यात टाकून ठेवू नये. घाईच्या वेळी तेच पुन्हा हाताशी येते. पट्टा तिथेच कापून टाकावा, म्हणजे प्रश्न मिटतो.

‘थांबा’ म्हणायचे कुणी?

उचल सुरू असताना इशारा देणारा एकच असावा आणि ऑपरेटरने फक्त त्याचेच ऐकावे, हा सर्वमान्य नियम आहे. याला एकच अपवाद आहे. ‘थांबा’ हा इशारा कुणीही दिला तरी तो पाळायचा असतो, मग तो देणारा अभियंता असो की झाडू मारणारा कामगार.

नियम सोपा असला तरी प्रत्यक्षात तो पाळणे अवघड जाते. क्रेन भाड्याची, ऑपरेटर तिच्या मालकाचा, स्लिंग लावणारा ठेकेदाराचा आणि काम कंपनीचे, अशी चौघांत विभागणी असते. पाळीचे भाडे चढत असते, ट्रक गेटवर उभा असतो. अशा वेळी ‘हा पट्टा चालणार नाही’ असे कंत्राटी कामगाराने म्हणावे, ही अपेक्षा त्याच्या उद्याच्या रोजगारावर बेतू शकते. म्हणून हा अधिकार तोंडी ठेवून भागत नाही. काम थांबवणाऱ्याची मजुरी कापली जाणार नाही, हे कंत्राटातच लिहावे लागते. योग्य मापाचे जादा पट्टे हाताशी ठेवावे लागतात आणि मोठ्या उचलीआधी वजन, कोन, अंतर व जमीन यांचा हिशेब एका कागदावर मांडून त्याखाली जबाबदार माणसाची सही घ्यावी लागते.

उचलीखाली कुणी उभे राहू नये, ही सूचना जवळपास प्रत्येक शेडच्या भिंतीवर रंगवलेली असते. पट्टा लावणारा, ओझे जाग्यावर बसवणारा, बोल्ट जुळवणारा कामगार मात्र त्या ओझ्याच्या जवळ जाण्यावाचून काम करूच शकत नाही. त्याची सुरक्षितता भिंतीवरच्या अक्षरांपेक्षा त्याच्या हातात दिलेल्या पट्ट्यावर आणि त्याच्या ‘थांबा’ला मिळणाऱ्या मानावर जास्त अवलंबून असते.